चिमी राऊतचं बारसं

चिमी राऊत आमच्या वरच्या मजल्यावर चौदा महिने राहिली. त्याआधी तिचं एक गाणं इंग्लंडात दुसऱ्या नंबरावर आलं होतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरमालकीणबाई, डॉ. शालिनी राऊत, एवढंच म्हणाल्या होत्या, "साखरे, माझी भाची येतेय. पाण्याची मोटर दहा मिनिटं जास्त चालेल."

राऊतबाई वनस्पतिशास्त्रज्ञ. लखनौच्या एका संशोधन संस्थेत पस्तीस वर्षं काढून निवृत्त झाल्या आणि विकास नगरात हे दोन मजली घर बांधून राहिल्या. लग्न केलं नाही. त्यांचं काम झाडांच्या नावांचं. कुठलं झाड कुठल्या नावानं ओळखायचं, एकाच झाडाला दोघांनी दोन नावं दिली असतील तर कुठलं धरायचं, यावर त्यांनी आयुष्य घालवलं. वाढदिवसाला कुणी फुलं नेली तर बाई आधी त्या फुलांचं शास्त्रीय नाव सांगत आणि नंतर आभार मानत.

मी मूळचा सोलापूरचा, बँकेतला, बदलीनं इथे आलेला आणि इथेच राहिलेला. शिवाय शहरातल्या मराठी मंडळाचा सचिव. निवडणूक झाली तेव्हा मी चहा सांगायला बाहेर गेलो होतो, परत आलो तोवर सचिव झालो होतो.

चिमी आली ती ऐन जानेवारीच्या धुक्यात. दोन बॅगा. एकीत कपडे, दुसरीत नुसते बूट, आणि त्यातला एकही जोड आमच्या सेक्टरच्या रस्त्यावर टिकणारा नव्हता. वय तेहतीस, उंची बेताची, डोक्याची डावी बाजू अगदी बारीक कापलेली आणि उजव्या बाजूचे केस खांद्यापर्यंत. माझी बायको नीता हिनं जिन्यात तिला पाहिलं आणि पोरीचं डोक्याचं ऑपरेशन झालंय असं ठरवून टाकलं. तीन दिवस ती वर मऊ भात पाठवत होती. चौथ्या दिवशी चिमी धुतलेले डबे घेऊन खाली आली.

"वहिनी, भात लई भारी हुता," ती म्हणाली. "पण मला झालंय काय?"

आमचे डोळे विस्फारले ते ऑपरेशन झालं नव्हतं म्हणून नव्हे, तर हे मराठी ऐकून. आमच्या लखनौच्या मराठी घरांतली पोरं मराठी समजतात आणि हिंदीत उत्तर देतात. आमची ईशा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. तिला "जेवलीस का" विचारलं की ती "हाँ, खा लिया" म्हणते. आणि ही लेस्टरमध्ये जन्मलेली मुलगी गडहिंग्लजच्या एस.टी. स्टँडवरून उठून आल्यासारखी बोलत होती. तिचे वडील, म्हणजे बाईंचे धाकटे भाऊ, गडहिंग्लजहून तिकडे गेले आणि जन्मभर लेस्टरमध्ये बस चालवत राहिले. आई ती चार वर्षांची असताना वारली. मराठी ती वडिलांकडून शिकली, तीही बसमध्ये. त्यामुळे ती "मी येतो", "मी जातो" म्हणायची, "व्हय" म्हणायची, आणि जिना उतरताना वाटेत कुणी असलं तर "चला, फुडं सरका" म्हणायची. पस्तीस वर्षं शास्त्रज्ञांत राहून राऊतबाईंची भाषा इस्त्रीची झाली होती. भाची आल्यापासून महिन्याभरात त्याही "न्हाई" म्हणायला लागल्या.

ती कोण आहे याचा शोध ईशानं लावला. एका रविवारी ती फोन घेऊन धावत आली. "पापा, आपको पता भी है ऊपर कौन रह रहा है?" फोनवर हीच मुलगी, चौदा वर्षांनी लहान, बसच्या वरच्या मजल्यावर उभी राहून इंग्रजीत इतक्या वेगानं काहीतरी म्हणत होती, की मला वाटलं फोन बिघडलाय. गाणं होतं शाळेच्या डब्याबद्दल. डब्यातल्या लसणीच्या चटणीचा वास बसभर पसरतो आणि शेजारची गोरी मुलगी जागा बदलते, एवढाच विषय. शेवटच्या कडव्यात सगळी बस चटणी मागते.

मी दुसऱ्या दिवशी जरा भीतभीतच चौकशी केली.

"व्हय, दुसरं आलं हुतं," चिमी म्हणाली. "तीन आठवडे दुसरंच."

"मग पहिलं कोण होतं?"

"कुत्रा."

मला वाटलं ती कुणाला तरी शिवी देतेय. तसं नव्हतं. नाताळचे दिवस होते आणि एका कुत्र्याच्या भुंकण्याला चाल लावून कुणीतरी गाणं काढलं होतं. "चांगला हुता कुत्रा," ती म्हणाली. "सुरात हुता." तिनं हे हसून सांगितलं नाही आणि चिडूनही सांगितलं नाही. आपली सगळीच कथा ती बसचं वेळापत्रक वाचावं तशी सांगायची.

पुढची हकिकत अशी. एकोणिसाव्या वर्षी तिनं एका कंपनीच्या करारावर सही केली. घरात वडील तिला चिमी म्हणत, कागदोपत्री ती चिन्मयी. कंपनीला चिमी आवडलं, कारण ते त्यांना म्हणता येत होतं. पहिल्या वर्षी तिला मोठ्या कार्यक्रमांत नेलं, मासिकांत फोटो आले, वडिलांच्या डेपोत केक कापला गेला. दुसऱ्या वर्षी कंपनी म्हणाली, टिकली लाव, बांगड्या घाल. तिनं घातल्या. तिसऱ्या वर्षी कंपनी म्हणाली, आता हे चालत नाही, टिकली काढ. तिनं काढली. मग घशात गाठी आल्या, आठ महिने बोलणंच बंद. घसा बरा होऊन ती परत आली तेव्हा कंपनीनं तिला पुढच्या करारात घेतलं नाही. हेही तिनं सोसलं असतं. पण एकोणिसाव्या वर्षीच्या त्या कागदात लिहिलं होतं, की चिमी हे नाव कंपनीचं.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे आता दुसरी चिमी हाय," ती म्हणाली आणि फोनवर दाखवली. बावीस वर्षांची, सावळी, हसरी मुलगी. आईबाप कुठल्या देशाचे कुणास ठाऊक. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, चिमी. आमच्या चिमीनं ते गाणं पूर्ण ऐकू दिलं आणि मग म्हणाली, "पोरगी बरी हाय. श्वास जरा चुकीच्या जागी घेती."

कंपनीला तिच्याकडून एक कागद हवा होता: स्टेजवर हे नाव मी पुन्हा कधीही लावणार नाही. तीन वर्षं तिनं सही केली नव्हती. सही होत नव्हती म्हणून कंपनी तिच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या आयोजकांना पत्रं धाडायची, आणि पत्र आलं की आयोजक माघार घ्यायचे. वेगळ्या नावानं गा, असं तिला सगळ्यांनी सांगितलं. ती ऐकत नव्हती. मधल्या काळात तिचे वडील वारले होते, आणि तिकडे घरात तिला चिमी म्हणणारा तेवढा एकच माणूस होता. शाळा सुटल्यावर ती स्टॉपवर उभी असायची, बस यायची, दार उघडायचं आणि आतून हाक यायची, "चिमे, चढ." नाव सोडणं म्हणजे तिच्या लेखी ती हाक लिहून देणं होतं. तो कागद तिनं लखनौला सोबत आणला होता. राऊतबाईंनी तो आपल्या पानंफुलं दाबून वाळवायच्या लाकडी चौकटीत ठेवला, म्हणजे चुरगळणार नाही.

तर अशी ही चिमी, जिचं गाणं बंद होतं, आमच्या डोक्यावर रोज सकाळी सहाला गच्चीत येरझाऱ्या घालायची. पुटपुटायची आणि अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायची. शेजारच्या मिश्राजींच्या बायकोला वाटलं ती जप करते. त्यांनी नीताला सांगितलं, "विलायत से आई है, पर संस्कार देखिए." नीतानं खुलासा केला नाही. चिमी शब्दांच्या मात्रा जमवत असायची. गाणार नव्हती, तरी जमवत होती.

तिचं सगळं लक्ष माणसांच्या श्वासाकडे. बँकेतून आलो की मला म्हणायची, "दादा, आज भांडलाय न्हवं कुणाशी? वाक्याच्या मधीच दम घेताय." आमच्या गल्लीत सकाळी भाजीचा ठेला यायचा. तो भैया एका दमात चौदा भाज्या म्हणायचा आणि शेवटी "धनिया मुफ़्त" इतकं लांबवायचा की कुत्री उठून बसायची. चिमीनं एक दिवस त्याचा तीन गल्ल्या पाठलाग केला. नुसतं मागे फिरणं बरं दिसत नाही म्हणून दर गल्लीत काहीतरी घेत गेली. घरी आली तेव्हा तिच्याकडे चार दुधी भोपळे होते. तिनं ते टेबलावर ओळीनं मांडले आणि म्हणाली, "आत्या, ह्यो माणूस भेंडीनंतर श्वास घेतो. कुणाला कळत न्हाई. तिकडं असता तर लई मोठा झाला असता." राऊतबाई म्हणाल्या, "इथेही त्याचं बरं चाललंय. आता हे चार कोण खाणार?" आम्ही खाल्ले. आठवडाभर.

मंडळाच्या मुलांना तिनं शिकवावं ही कल्पना माझी. गणेशोत्सवात आमची पोरं स्टेजवर जाऊन दोन ओळी म्हणतात आणि तिसरीला आईकडे बघतात. चिमीनं त्यांना रविवारी सकाळी गच्चीवर बोलवायला सुरुवात केली. पाठांतर नाही, काही नाही. प्रत्येकानं आपलं नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं गाव आणि घरात आज काय शिजलंय, हे एका दमात सांगायचं. दम सुटला तर पुन्हा. ईशासुद्धा जायला लागली. दीड महिन्यानं एका संध्याकाळी ईशा जेवायला बसली आणि एका दमात म्हणाली, "मी ईशा संजय साखरे सोलापूर आज परत दुधी." तिच्या तोंडून सलग मराठी वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्या आनंदात मी दुधी दोनदा वाढून घेतला.

गणेशोत्सव जवळ आला तेव्हा ती आपण होऊन माझ्याकडे आली. "दादा, मी बी एक म्हणतो. पाच मिनटं. पण एक अट हाय. नाव न्हाई लावायचं. कागदावर न्हाई, माईकवर न्हाई. नुसतं वर जाणार, म्हणणार, खाली येणार."

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो. पण ज्यानं मराठी मंडळाचं काम केलंय त्यालाच माझी अडचण समजेल. आदल्या वर्षी कार्यक्रमपत्रिकेत शंकरपाळ्या देणाऱ्या बाईंचं नाव राहिलं होतं. त्या सहा महिने कुठल्याच कार्यक्रमाला आल्या नाहीत आणि त्यांच्याबरोबर त्यांचा पेटी वाजवणारा नवराही आला नाही. तेव्हापासून आमच्या अध्यक्षांनी नियम केला होता, की एकाही माणसाचं नाव राहता कामा नये. अध्यक्ष म्हणजे खानापुरे, निवृत्त इंजिनिअर, तेलीबागहून यायचे आणि प्रत्येक सभेत किती लांबून आलो ते सांगायचे. पत्रिका तपासताना त्यांनी नेमकी ती मोकळी जागा पकडली. "साखरे, इथे नाव नाही. माणूस दुखावेल." मी म्हणालो, तिनंच नको सांगितलंय. "सगळे नकोच म्हणतात," खानापुरे म्हणाले. "आणि नंतर दुखावतात." हे मला पटलं. खरं सांगायचं तर मला ते पटवून घ्यायचं होतं. आमच्या मंडळात एवढी मोठी कलाकार आहे हे लोकांना कळावं अशी हाव मलाही होती. मी छापलं: सुप्रसिद्ध ब्रिटिश कलाकार चिमी. ठळक अक्षरांत.

पत्रिका तिनं स्टेजवर चढेपर्यंत पाहिली नव्हती. मागच्या पडद्यावरही तेच लावलं होतं. ती वर गेली, पडद्याकडे वळून एकदा वाचलं आणि माईककडे आली. ती खाली उतरली नाही, ठरलं होतं तेच म्हणायला लागली. वडिलांच्या बसचे अकरा थांबे होते त्या गाण्यात, लेस्टरला सुरू होऊन गडहिंग्लजला संपणारे, मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकात एक मिसळलेलं. सगळं मला कळलं नाही. दर थांब्यानंतर येणाऱ्या दोन ओळी मात्र अजून पाठ आहेत:

"अकरा थांबे, एक डबा, डब्यात भाकरी दोन
दार उघडतो बाप माझा, विचारत न्हाई कोण."

सहाव्या थांब्याला पोरं तिच्याबरोबर म्हणायला लागली, आठव्याला शंकरपाळ्यांच्या बाई. खानापुऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि न लावताच बसून राहिले. मंडळाच्या इतिहासात कार्यक्रम कधी वेळेत सुरू झाला नव्हता आणि टाळ्या कधी लांबल्या नव्हत्या; त्या दिवशी दोन्ही गोष्टी बघायला मिळाल्या असत्या, पण सुरुवात उशिराच झाली.

व्हिडिओ खानापुऱ्यांनी टाकला. मंडळाच्या पानावर, पत्रिकेतल्या मजकुरासकट. आमच्या पानावर एरवी हळदीकुंकवाचे फोटो असतात आणि ते आम्हीच बघतो. हा व्हिडिओ इंग्लंडात कुणीतरी पाहिला, मग पुष्कळांनी पाहिला, आणि दहाव्या दिवशी मंडळाच्या ईमेलवर वकिलाचं पत्र आलं. मंडळानं कंपनीच्या मालकीचं नाव वापरलं होतं. व्हिडिओ ताबडतोब काढावा. संबंधित बाईंनी तो जुना कागद सही करून पाठवावा, नाहीतर पुढची कारवाई होईल, मंडळावरही.

मी ते पत्र छापून वर घेऊन गेलो. जिन्याच्या सोळा पायऱ्या मला त्या दिवशी फार वाटल्या. चिमीनं ते उभ्यानं वाचलं.

"ह्यो वकील माझाच हुता," ती म्हणाली. "आधी."

"चिमी, चूक माझी आहे," मी म्हणालो. "तू सांगितलं होतंस."

"व्हय," ती म्हणाली. "सांगितलं हुतं."

तिनं आणखी काही बोलावं, भांडावं, असं मला फार वाटत होतं. तिनं पत्राची घडी घातली, मला परत दिली आणि आत गेली. मला माझ्या दुसऱ्या कुठल्याच चुकीचं इतकं वाईट वाटलेलं नाही. व्हिडिओ काढला. सकाळच्या येरझाऱ्या बंद झाल्या. मिश्राजींच्या बायकोनं विचारलं, "बिटिया ने जाप छोड़ दिया?" नीता म्हणाली, "हाँ जी, मन नहीं है." ठेलेवाला आमच्या फाटकापाशी मुद्दाम दोनदा ओरडायचा. चिमी खाली यायची नाही.

तीन आठवडे असे गेले. मग एका सकाळी राऊतबाईंनी मला बोलावलं. चिमी गच्चीतल्या लोखंडी झोपाळ्यावर बसली होती, हलत नव्हती. बाई खुर्चीत होत्या, समोर ती लाकडी चौकट.

"साखरे, तुम्ही बसा. तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावलंय," बाई म्हणाल्या. मग भाचीकडे वळल्या. "चिमे, तुझं नाव कुणी ठेवलं?"

"बाबानं."

"बारशाला कुर्र कुणी केलं?"

"शेजारच्या पटेलकाकूनं. तुला रजा मिळाली न्हाई."

"रजा मिळाली होती. पासपोर्ट मिळाला नव्हता. म्हणजे आत्या जिवंत असताना नाव शेजारणीनं ठेवलं. आता मी तुला माझ्या कामातलं सांगते. एखादं नाव आधीच दुसऱ्या झाडाला लागलेलं असेल, तर ते परत वापरता येत नाही. मग आम्ही काय करतो? रडत नाही. झाड तेच असतं, त्याचं एक पान इकडचं तिकडे होत नाही. त्याला नवीन नाव देतो, खाली आपलं नाव आणि तारीख लिहितो आणि छापतो. गावातले लोक त्या झाडाला घरात जे म्हणायचं तेच म्हणत राहतात. त्यांना कुठला वकील विचारतो?"

चिमीनं पायानं झोपाळा एकदा ढकलला. मग म्हणाली, "बाबाची हाक जाती त्यात."

"तुझ्या बाबाची हाक मी तुझ्याही आधीपासून ऐकलेली आहे," बाई म्हणाल्या. "त्याचा आवाज माझ्यासारखाच होता. घरात तू चिमीच. मी म्हणणार, दिवसातून शंभरदा. ते कुठल्या कागदात बसत नाही."

दुसऱ्या दिवशी आत्या-भाची स्कूटीवरून बख्शी का तालाबच्या बाजूला शेतांत गेल्या. बाई निवृत्तीनंतरही झाडं गोळा करायला जात. दुपारी परत आल्या तेव्हा दोघींच्या चपला चिखलात माखल्या होत्या आणि बाईंच्या पिशवीत निळ्या फुलांचं एक बोटभर तण होतं.

रविवारी बारसं झालं. तेहतीस वर्षांच्या मुलीचं. खानापुरे तेलीबागहून आले आणि त्यांनी शंका काढली, की मंडळाच्या घटनेत प्रौढ व्यक्तीच्या बारशाची तरतूद नाही. बाईंनी विचारलं, मनाई आहे का. खानापुऱ्यांनी घटना सोबत आणली होती. त्यांनी ती चाळली आणि मनाई नाही असा निर्वाळा दिला. पाळणा म्हणून गच्चीतला झोपाळा. त्याला झेंडूच्या माळा. पाळण्याखालून-वरून फिरवायला वरवंटा लागतो. बाईंच्या पाट्याचा वरवंटा घेतला, आणि झबलं कुणाकडे नव्हतं म्हणून त्याला चिमीची विलायती लोकरीची टोपी घातली. नीतानं हरभऱ्याच्या घुगऱ्या केल्या. मिश्राजींच्या बायकोनं चांदीचा चमचा आणला, कारण बारशाला रिकाम्या हातानं जात नाहीत, आणि वय बघून तो परत न्यावा की काय या विचारात पडल्या. नीतानं तो घेऊन टाकला.

चिमी झोपाळ्यावर मांडी घालून बसली. बाईंनी तिच्या उजव्या कानाशी तोंड नेलं, कापलेल्या बाजूला नव्हे, आणि "कुर्रर्र" केलं. नाव सांगितलं. लगेच रीतीप्रमाणे सगळ्या बायका बाईंच्या पाठीत धपाटे घालायला लागल्या. पंचाहत्तर वर्षांच्या, साऱ्या संस्थेला धाकात ठेवलेल्या राऊतबाई खाली मान घालून धपाटे खात होत्या आणि हसत होत्या. मी त्यांना हसताना एवढंच एकदा पाहिलं.

"केना," बाईंनी मोठ्यानं जाहीर केलं आणि ते तण सगळ्यांना दाखवलं. आमच्याकडे सोलापूरला ते शेतात उगवतं, भाजीही करतात. इथला माळी त्याला कनकौआ म्हणतो. "शेतकरी याला कंटाळलेला असतो. उपटून बांधावर फेका, पेरापेरावर मुळं फुटतात आणि पुन्हा लागतं. परदेशातही पोचलेलं आहे. तिथल्या लोकांना म्हणता येईल. आणि हे नाव गाण्यात कुणी घेतलेलं नाही, ते ईशानं इंटरनेटवर तपासलंय."

"पक्का," ईशा म्हणाली. मग एका दमात म्हणाली, "कुणीच घेतलेलं नाही."

चिमी रडली. चौदा महिन्यांत एकदाच. मग तिनं घुगऱ्या मागितल्या.

तण बाईंनी चौकटीत दाबलं आणि खाली चिठ्ठी लावली: नाव, ठिकाण, तारीख, नाव देणार शा. राऊत. चौकटीतला कागद बाहेर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी चिमीनं त्यावर सही केली. साक्षीदार म्हणून मी केली. माझी सही जरा तिरकी आली. बँकेत ही सही मी स्वतः परत पाठवली असती.

त्यानंतर पहिला कार्यक्रम ईशाच्या कॉलेजात झाला. दुपारची वेळ, अर्धं भरलेलं सभागृह. पत्रिकेवर केना छापलं होतं. मी तीनदा तपासलं, खानापुऱ्यांनी चौथ्यांदा. ती माईकपाशी आली तेवढ्यात मागून कुणीतरी जुना व्हिडिओ पाहिलेल्यानं हाक मारली, "चिमी! चिमी!" ती वळली नाही. माईक जरा खाली घेतला आणि म्हणाली, "मी केना. माझं नाव माझ्या आत्यानं ठेवलंय." आणि सुरुवात केली. भेंडीच्या जागी श्वास घेतला. मला कळला, आणखी कुणाला कळला नाही.

मार्चमध्ये लेस्टरहून बोलावणं आलं. मोठं नव्हतं, तिच्या जुन्या शाळेच्या जवळचा एक हॉल. तिनं बुटांची बॅग ईशाला देऊन टाकली आणि एक बॅग घेऊन निघाली. विमानतळावर आम्ही तिघं पोचवायला गेलो होतो, बाई, नीता आणि मी. ती पाया पडली, मला म्हणाली, "दादा, नाव छापायला दिलं तर पुढच्या टायमाला मला आधी दाखवा," आणि काचेच्या दाराकडे निघाली. दारावरच्या शिपायानं तिचा पासपोर्ट बघितला, चिन्मयी राऊत, आणि आत सोडलं. ती चार-सहा पावलं गेली असेल. आत गर्दी होती, घोषणा चालू होत्या, कुणीतरी मोठमोठ्यानं कुणाला तरी शोधत होतं.

"चिमे," राऊतबाई म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. घरात म्हणायच्या तेवढ्याच आवाजात.

ती जागच्या जागी वळली. "काय गं?"

"काही न्हाई," बाई म्हणाल्या. "चढ."